लोंढ्याच्या पुढे रेंज नसते

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय मंजू,

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. "सविस्तर लिहिते" एवढं टाकून मी गप्प बसले, त्याचं मनाला लागलंय. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तसाच. ते असो.

अण्णांना एकदा सगळी लाइन डोळ्यांखालून घालायची आहे. पुण्याहून मिरज, लोंढा, मडगाव आणि परतताना कोकण रेल्वेने पनवेल. त्यांनी "आता कुठं आलो गं?" विचारलं की तुझ्या फोनने उत्तर द्यावं, हे तुझं म्हणणं मला पोचलं. पण त्यापुढे तू लिहिलंस, "नकाशा तर फोनमध्ये असतोच ना?" मंजू, नसतो. त्या एका वाक्यामुळे आज हे पत्र लिहायला बसले.

घरी वायफायवर तू जो नकाशा पाहतेस तो बोट फिरवशील तसा नेटवरून येत असतो. त्यातला थोडा फोन तात्पुरता साठवतो, म्हणून नेट बंद करूनही पुणं दिसतं आणि आपली समजूत होते की झालं काम. वाटेवरचं कॅसल रॉक स्टेशन तू घरी कधी मोठं करून पाहिलेलंच नसतं, त्यामुळे तिथे पोचलीस की पडदा करडा. गूगल मॅप्समध्ये चौकट आखून तेवढा भाग ऑफलाइन उतरवता येतो, तो उतरवून ठेवायला हरकत नाही. पण नेट नसताना त्यात रेल्वेचे मार्ग विचारता येत नाहीत, रूळ पुसट रेघ म्हणून उरतात. अण्णांसारख्या पीडब्ल्यूआयला, म्हणजे रूळ तपासणाऱ्या माणसाला, पुसट रेघ दाखवून कसं चालेल? त्यांना बोगदा, पूल, लूप (स्टेशनातला बाजूचा जादा रूळ), फाटक असं सगळं हवं.

म्हणून ऑसमँड हे अॅप घे. ते ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाची, माहिती वापरतं, आणि नकाशा राज्यवार पुरता उतरवून घेतं. तुला तीन लागतील: महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा. प्ले स्टोअरवरच्या फुकट आवृत्तीत सात डाउनलोडांची मर्यादा असते आणि अद्ययावत करणंही त्यातच मोजलं जातं, म्हणून उगाच पंजाब-केरळ उतरवू नकोस. एफ-ड्रॉइड या दुसऱ्या अॅप-दुकानातल्या आवृत्तीला ही मर्यादा नाही. महाराष्ट्राची फाइल काहीशे एमबीची आहे, तेव्हा वायफायवर आणि फोनमध्ये जागा करूनच बस.

कर्नाटकाची फाइल विसरू नकोस. गोव्याला जायचं म्हणून लोक महाराष्ट्र आणि गोवा उतरवतात, आणि मिरज सुटून शेडबाळ आलं की नकाशा कोरा होतो तो थेट कॅसल रॉकच्या पुढे गोवा लागेपर्यंत. बेळगाव, लोंढा, अण्णांच्या सगळ्या गप्पा त्या कोऱ्या जागेत. ऑसमँडसोबत सगळ्या जगाचा एक ढोबळ नकाशा आपोआप येतो, त्याचाही घोटाळा होतो. दुरून पाहिलं तर कर्नाटक दिसतं, मुख्य लाइनही दिसते, आणि फाइल आहे असं वाटतं. जवळ गेलीस की काही नाही. दिसतंय म्हणजे आहे, असं तू कायम धरून चालतेस. तुझ्या भूगोलाच्या वहीत गोवा रत्नागिरीच्या वर होता, तोही तुला असाच "दिसत" होता!

उतरवल्यावर नकाशाची भाषा मराठी कर. ज्या स्टेशनाचं मराठी नाव नोंदलेलं असेल ते मराठीत येईल, बाकीची स्थानिक नोंदीप्रमाणे इंग्रजी किंवा कन्नडमध्ये राहतील. अण्णांना चष्म्यातून बारीक इंग्रजी वाचायला लावू नकोस, अक्षराचा आकारही वाढवता येतो. प्रोफाइलच्या यादीत ट्रेनचं प्रोफाइल असतं, ते चालू कर. मोटारीच्या प्रोफाइलमध्ये दिशा दाखवणं चालू ठेवलंस तर तुमची जागा दाखवणारा ठिपका शेजारच्या रस्त्याला जाऊन चिकटतो आणि गाडी हायवेवरून चालल्यासारखी दिसते. रस्त्याला चिकटवण्याची ती सोय बंदच ठेव. ठिकाणांच्या थरात रेल्वे स्टेशन आणि हॉल्ट (नुसता छोटा थांबा) या दोन्हींवर खूण कर.

दोन्हींवर, मंजू. हॉल्टला स्टेशन म्हणायचं की नाही यावरून बारावीच्या सुट्टीत आपण चार दिवस बोललो नव्हतो. मी अजून माझ्याच मतावर आहे आणि नकाशा माझ्या बाजूचा आहे, त्यात दोघांची खूण वेगळी. कोकणच्या बहुतांशी एकेरी मार्गावर याचा थेट उपयोग होतो. क्रॉसिंग, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं, लूप असलेल्या स्टेशनातच होतं, हॉल्टवर होत नाही. गाडी रेंगाळायला लागली की पुढचं लूप असलेलं स्टेशन किती लांब आहे ते पाहा, तिथेच थांबणार. नोंदणी करणाऱ्यांनी मात्र सगळीकडे हा भेद नीट पाळलेला नाही, म्हणून जवळ जाऊन रूळ एक आहे की दोन-तीन ते डोळ्याने बघ.

एवढ्यावर अण्णांचं समाधान होणार नाही, म्हणून एक जास्तीचा थर कर. हे काम कॉम्प्युटरवर करायचं, फोनवर बोटं दुखतील. ओव्हरपास टर्बो ही ओपनस्ट्रीटमॅपमधल्या नोंदी शोधून देणारी वेबसाइट उघड आणि लोंढा ते कुळे एवढा भाग पडद्यावर आण. विझार्डच्या, म्हणजे आपल्यासाठी प्रश्न लिहून देणाऱ्या सोयीच्या, चौकटीत इंग्रजीत अट घालायची: रेल्वे बरोबर स्टेशन किंवा रेल्वे बरोबर हॉल्ट. 'बरोबर'च्या जागी बरोबरचं चिन्ह. चालवल्यावर ठिपके येतात. मग एक्स्पोर्टमधून त्या ठिपक्यांची जीपीएक्स फाइल काढ, फोनवर पाठव आणि ऑसमँडमध्ये उघड. बोगद्यांसाठी वेगळी अट: रेल्वे बरोबर रेल आणि टनेल बरोबर येस. पुलांसाठी टनेलच्या जागी ब्रिज. तिन्ही फाइलींना वेगळे रंग दे.

पुणे ते पनवेल सगळा पट्टा एकदम मागू नकोस. विझार्डने लिहिलेल्या प्रश्नाला पंचवीस सेकंदांची मुदत असते, तेवढ्यात उत्तर जमलं नाही तर प्रश्न तुटतो. मुदतीचा आकडा वाढवता येतो, पण पुणे–मिरज, मिरज–लोंढा, लोंढा–मडगाव, मडगाव–पनवेल असे चार तुकडे केलेले बरे. अजून एक अडचण येते. काही स्टेशनं ठिपका म्हणून न नोंदता इमारतीची आकृती म्हणून नोंदलेली असतात. ती जीपीएक्समध्ये नुसती रेघ म्हणून येतात, नावाचा ठिपका येत नाही. यादी वेळापत्रकाशी ताडून बघ आणि गळलेल्या जागी स्वतः खूण घाल. रूळही मागवणार असशील तर यार्ड आणि सायडिंगच्या, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांच्या, नोंदी वगळ, नाहीतर मिरज स्टेशन कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसेल. अर्थात अण्णा त्या जाळ्यातही तासभर रमतील, तेव्हा मिरजेपुरतं यार्ड राहू दे.

ओपनरेल्वेमॅप हा खास रेल्वेचा नकाशा तुला कुणीतरी सुचवेलच. सुंदर आहे. गेज (दोन रुळांतलं अंतर), विद्युतीकरण, वेग यांचे वेगळे थर त्यात आहेत. पण ते नेटवर पाहायचं. आपल्याकडे सिग्नलच्या नोंदी त्यात फार विरळ आहेत, त्यासाठी जीव टाकू नकोस. मिरज, लोंढा, मडगाव, रोहा, पनवेल यांचे जवळून स्क्रीनशॉट घेऊन ठेव, तेवढे पुरतात. ओपनस्ट्रीटमॅपचे चौकोनी तुकडे घाऊक उतरवून देणारे प्रोग्रॅमही मिळतात. त्यांच्या सर्व्हरला ते चालत नाही, नियमात तसं लिहिलेलं आहे, आणि तो सर्व्हर वर्गणीवर चालतो. ते करू नकोस.

जुनी फाइल असेल तर टाकून दे. पुणे–मिरज मार्गाला दुसरा रूळ पडला. कोकणात रोहा ते वीर हा टप्पा २०२१मध्ये दुहेरी झाला. जुन्या नकाशात तिथे एकच रेघ दिसेल आणि अण्णा खिडकीतून दोन रूळ बघून तुझ्या फोनवर कायमचा अविश्वास दाखवतील.

आता ठिपक्याबद्दल. जीपीएसला नेट लागत नाही, विमान मोडवरही बहुतेक फोनमध्ये ते चालतं. पण उपग्रहांची ताजी माहिती फोन नेटवरून चटकन घेतो, आणि नेट नसेल तर आकाशातून हळूहळू घेतो, त्याला कित्येक मिनिटं लागतात. म्हणून पुण्याच्या फलाटावरच ऑसमँड उघडून ठिपका स्थिर होऊ दे. लोंढ्यात गाडी थांबली की रेंज जाण्याआधी पुन्हा एकदा. एसी डब्यात संकेत अडतो. फोन काचेला टेकवून ठेवलास तर येतो, मधल्या बर्थवर येणार नाही. स्लीपरची खिडकी यासाठी कितीतरी चांगली. दारात उभी राहून पकडायला जाऊ नकोस, हे तुला मुद्दाम लिहिते.

बोगद्यात ठिपका तोंडाशी थांबतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, ताशी ८०च्या वेगाने जवळजवळ पाच मिनिटं. तेवढा वेळ फोन बिघडलेला नाही, हे अण्णांना आधीच सांग. परतताना आधी पानवलचा ६४ मीटर उंच पूल, मग रत्नागिरी, मग भोके आणि त्यापुढे करबुडे. पुलावरून जाताना डब्यातून पुलाची उंची कळतच नाही, दरी कधी आली आणि गेली तेही नाही. नकाशावर पूल दोन किलोमीटरवर आला की अण्णांना खिडकीशी बसव. दूधसागरचंही तसंच. कॅसल रॉक ते कुळे हा ३७ला १ (३७ मीटरला १ मीटर) चढाचा घाट आहे, रूळ वळत वळत उतरतात, त्यामुळे धबधबा कुठल्या हाताला येणार ते दूधसागर स्टेशन सुटायच्या आत नकाशावर पाहून ठेव.

फोनने दाखवलेली उंची आणि स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची जुळली नाही तर गोंधळू नकोस. पाटीवरची उंची समुद्रसपाटीपासूनची. उपग्रहांचं गणित पृथ्वीच्या एका कल्पित गुळगुळीत आकारावरून चालतं, आणि आपल्या किनाऱ्यावर खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या पन्नास मीटरहून जास्त खाली आहे. ऑसमँड ही दुरुस्ती करतं, काही साधी अॅप्स करत नाहीत आणि मडगावला उणे उंची दाखवतात. अण्णांना हे फार आवडेल, त्यांना माझ्या नावाने सांग.

आणि फोन अगदीच मुका झाला तर अण्णा आहेतच. रुळाशेजारच्या विजेच्या खांबावरच्या पट्टीवर वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा खांबाचा. खांब जास्तीत जास्त ७२ मीटरवर असतात, वळणावर जवळ. किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन खुणांमधले सेकंद मोजून त्यांनी ३६०० ला भागायचं, ४५ सेकंद म्हणजे ताशी ८०. हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. रूळ तपासायच्या ट्रॉलीवर बसायला मिळावं म्हणून आपण दोघी किती लाडीगोडी लावायचो! तेव्हा एक कागद कर: स्टेशन, कोड, वेळापत्रकातलं अंतर, वेळ. जंक्शनला मार्ग बदलला की खांबांवरचे आकडे एकदम उडी घेतात, तिथे कागदावर आडवी रेघ मार. दिवाळीनंतर निघताय, म्हणजे कोकणातलं पावसाळी वेळापत्रक संपलेलं असेल, नेहमीच्या वेळा लिही.

पॉवर बँक घे. डब्यातले चार्जिंगचे पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचा नियम आहे. प्रवासाची नोंद करायची असेल तर दर सेकंदाला करू नकोस, दहा सेकंदांनी एक ठिपका पुष्कळ झाला, बॅटरी वाचते. अॅप काढून पुन्हा टाकलंस तर आतले नकाशेही जातात, "साफसफाई" करताना हे लक्षात ठेव. जीपीएक्स फाइली आणि तिन्ही राज्यं अण्णांच्याही फोनमध्ये घाल.

सईची दहावी कशी चाललीय? नव्या घराचं नळाचं काम उरकलं का? तुझ्या ऑफिसातल्या बदलीचं काय झालं ते लिही, फोनवर अर्धवटच राहिलं. काकूंना नमस्कार.

निघायच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री नव्हे, फोन विमान मोडवर टाक, वायफाय बंद कर, फोन एकदा बंद करून चालू कर. मग शेडबाळ, लोंढा, कॅसल रॉक, करबुडे, वीर एवढ्या पाच जागा जास्तीत जास्त जवळून उघड. प्रत्येक ठिकाणी रूळ आणि नाव दिसलं तर मला नुसतं "पाचही" एवढं कळव.

तुझी,
नीलू

ता.क. अण्णांच्या फोनला जुनी पिन लागते, तुझी केबल त्यांना चालणार नाही. त्यांची वेगळी घे.