चौदा वर्षं झाली की सुटतो, हे खरं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग माणूस बाहेर, असं आपल्याकडं पारावर बसलेला कुणीही छातीठोक सांगतो. मीही तसंच धरून चाललो होतो, एका केसपायी सगळे कागद हाताखालून गेले तेव्हा कळलं की तसं काही नाहीये, म्हणून हे पत्र.

मी एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. शेजारच्या घरातला पोरगा २००७ ला बांधाच्या भांडणात खुनाच्या केसमध्ये आत गेला, वय तेव्हा २३. दोन वर्षांनी सेशन कोर्टानं जन्मठेप दिली, पुढं अपीलही फेटाळलं. गेलेला माणूस त्यांच्याच भावकीतला, त्याच्या बायकोपोरांचे किती हाल झाले ते मी डोळ्यानं बघितलंय, त्यामुळं याला शिक्षा झाली ते योग्यच झालं. पण त्याच्या म्हाताऱ्या आईला मुलाकातीला घेऊन जाणारं कुणी नाही, म्हणून मी जातो, अर्जही मीच लिहून देतो.

तर कायदा असा आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सुप्रीम कोर्टानं १९६१ लाच गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सांगितलंय. सुटका होते ती सरकारनं उरलेली शिक्षा माफ केली तरच. आणि खुनासारख्या गुन्ह्यात माफीचे दिवस, म्हणजे आत काम केलं, नीट वागलं की शिक्षेतले जे दिवस कमी होतात ते, न धरता आत काढलेली १४ वर्षं भरल्याशिवाय सरकारला तसं सोडता येत नाही, ही अट १९७८ ला आली, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ती कलम ४७५ मध्ये आहे. म्हणजे १४ वर्षं ही खालची हद्द आहे, सुटकेची तारीख नव्हे! आपल्या राज्यात त्यावर १९९२, २००८, २०१० च्या गाईडलाईन्स, त्यात गुन्ह्याच्या कॅटेगरी, कुणाला माफी धरून २२ वर्षं, कुणाला २४, कुणाला २६.

आमच्या पोराची माफी धरून २२ वर्षं कधीच भरली. सुटकेचा प्रस्ताव जेलमधून निघाला, मग पोलिसांचा रिपोर्ट, कलेक्टरचा अभिप्राय, ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथल्या जजसाहेबांचं मत, मग कारागृह मुख्यालय, मग मंत्रालयात गृह विभाग. एका टेबलावरून परत येतो, म्हणे कॅटेगरी चुकली, परत पहिल्यापासून. आणि रिपोर्टात काय लिहिलं होतं, तर "गावात शांतता भंग होण्याची शक्यता". अहो, तो संचित रजेवर, म्हणजे कैद्याला घरी जायला मिळते त्या सुट्टीवर, दरवेळी याच गावात येतो, पोलीस स्टेशनला हजेरी लावतो, आईचं घर शाकारतो, आणि शेवटच्या दिवशी मीच त्याला गाडीत बसवून देतो, एकदाही एक दिवस उशीर नाही. सरकारनंच त्याला खुल्या कारागृहात पाठवलाय, तिथं पळून जायचं म्हटलं तर अडवायला उंच भिंत पण नाही, दिवसभर शेतात राबतो. इतका विश्वास सरकारच ठेवतंय, मग सुटकेच्या कागदावर तोच माणूस धोकादायक कसा होतो? आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंधच्या राजांनी १९३९ ला कैद्यांची उघडी वसाहत काढली, कैदी कुटुंब घेऊन राहू लागले. तेव्हा जे सुचलं ते आता का जमत नाही?

लगेच कुणीतरी बिल्किस बानो केसचं, म्हणजे २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराच्या आणि खुनांच्या केसचं, नाव काढेल, आणि काढावंच. १५ ऑगस्ट २०२२ ला त्यातल्या ११ जन्मठेपेच्या कैद्यांना गुजरात सरकारनं सोडलं, बाहेर लोकांनी हार घातले, पेढे वाटले, ते बघून माझ्याही अंगाची आग झाली होती. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती सुटका रद्द केली, खटला मुंबईत चालला होता म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नाही असं सांगितलं. पण त्यावरून सगळ्याच कैद्यांची दारं लावून टाकायची हे मला पटत नाही. गुन्हा कसला होता, परत करेल का, आत ठेवून आता काही साधतंय का, घरची परिस्थिती काय, हे सगळं बघा असं कोर्टानं २००० सालीच लक्ष्मण नस्करच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. हे खरंच बघितलं आणि कारणं लिहून काढली तर तसली माणसं सुटणार नाहीत, आणि बांधाच्या भांडणातला माणूस सडत पडणार नाही.

आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, आपले न्यायमूर्ती अभय ओक त्या बेंचवर होते, साफ सांगितलं की राज्याचं शिक्षा माफ करायचं धोरण असेल तर कैद्यानं अर्ज करायची वाट बघायची नाही, पात्र झाला की सरकारनं स्वतःहून विचार करायचा, निर्णयाची थोडक्यात कारणं द्यायची आणि ती कैद्याला कळवायची. ज्याच्याकडं वकील आहे तो हायकोर्टात रिट टाकतो, तारीख पदरात पाडून घेतो, ज्याची आई रोजगारानं जाते त्यानं काय करायचं? त्याला तर आपली फाईल कुठल्या टेबलावर आहे हेही कुणी सांगत नाही.

माझी गृह विभागाला विनंती एवढीच आहे की प्रत्येक जेलमध्ये दर महिन्याला यादी लावा, कुणाचा प्रस्ताव कधी पाठवला, कुठं आहे, नाकारला असेल तर का. पोलिसांच्या रिपोर्टाला मुदत ठेवा, आणि शांतता भंग लिहायचं असेल तर कुणाला विचारलं तेही लिहा. मयताच्या घरच्यांनाही विचारा, जरूर विचारा. आमच्याकडं तर त्या बाईला आजपर्यंत कुणी विचारायलाच आलं नाही.

– एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, जि. सांगली