सोनूची चौथी

सोलापूर, डिसेंबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाच्या फोनवर तू एका दमात तीन गोष्टी बोललास. तिथं जर्मनीत चौथीला मे महिन्यात जो दाखला मिळतो, त्यात सोनूचं गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, हुकेल असं दिसतंय. म्हणून तोपर्यंत घरात मराठी बंद, फक्त जर्मन. आणि तरीही नाहीच जमलं तर त्याला सोलापूरला आणून इथल्या शाळेत घालायचं. तू ऑफिसला निघाला होतास, म्हणून तेव्हा बोलले नाही. चौथीचा वर्ग मी नोकरीभर शिकवलाय, तेव्हा या वयाच्या मुलाबद्दल मला जे कळतं ते नीट लिहून पाठवते.

आधी मराठीचं. ते बंद करू नकोस.

माझी शाळा पूर्व भागात. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलायची. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळून कारखान्यात देऊन येणारी. महापालिकेच्या तेलुगू शाळा होत्या, कन्नड आणि उर्दूही होत्या, पण पुढे अडायला नको म्हणून कितीतरी आईबाप मुलाला मराठीतच घालायचे. ही मुलं पहिलीत गप्प असत. दुसरीत मराठीतून भांडायला लागत. चौथीपर्यंत त्यांचं बोलणं इतकं सफाईदार व्हायचं की तपासणीला आलेल्या साहेबांना कोण कुठल्या घरचं ते ओळखू यायचं नाही. आणि तरीही गणिताच्या पेपरात दरवर्षी एकच गोष्ट दिसायची. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, शाब्दिक उदाहरण चूक. ‘48 पेरूंपैकी 15 नासले, उरलेले 3 टोपल्यांत सारखे भरले, तर प्रत्येक टोपलीत किती?’ इथं मूल पेन्सिल चावत बसायचं. शेजारच्या मुलीला तेच तेलुगूतून सांगायला लावलं की अकरा हे उत्तर चटकन यायचं. गणित त्याला येतच होतं. गल्लीत खेळताना येणारी भाषा वेगळी आणि पुस्तकातली वेगळी, आणि ही दुसरी यायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. सहावी-सातवीत हीच मुलं पुढे गेलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यातले काही आज मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात, त्यांत इंजिनीयर आहेत, शिक्षक आहेत.

आता सोनूच्या पेपरांचे फोटो बघ. मी ते मोठे करून पाहिले. आकडेमोडीच्या पानांवर कुठंही चूक नाही. त्याला 3, म्हणजे बेताचा गुण, पडलाय तो शेवटच्या पानामुळे, आणि ते पान सगळं वाक्यांचं आहे. माझ्या वर्गातलं मूलच मला त्यात दिसलं.

घरात मराठी थांबवून हे सुधारणार नाही. तुम्हा दोघांचं जर्मन ऑफिसात आणि दुकानात चालण्यापुरतं चांगलं आहे, पण ग्रहण का लागतं, आजोबा त्या दिवशी का चिडले, हे तू त्याला जर्मनमधून रंगवून सांगू शकशील का? मराठीत सांगतोस तेव्हा ‘असं झालं म्हणून तसं झालं, आणि तसं नसतं झालं तर’ अशी लांब वाक्यं त्याच्या कानावर पडतात. विचार असा एकाला एक जोडून मांडायला तो घरातच शिकतो. एका भाषेत ते जमलं की दुसरीत यायला वेळ लागत नाही. मी मुलांना गोष्ट आधी तेलुगूत सांगू द्यायची आणि मग मराठीत लिहायला लावायची. लिहिणं दुप्पट लांब व्हायचं. हे फक्त माझंच म्हणणं आहे असं समजू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यांच्या शाळेतली मुलं घरी कन्नड बोलणारी होती. गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, त्यांवर क्यूआर कोड लावून धडे ऐकण्या-बघण्याची सोय केली. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, ते पेपरात सगळीकडे आलं. मला मात्र त्यांचं कन्नड शिकणं जास्त मोठं वाटतं. सोनूच्या बाईंनी मराठी शिकावी असं मी म्हणत नाही, पण निदान घरातून ती काढून घेऊ नका रे.

दाखल्याचे नियम मी सूनबाईकडून समजून घेतले. बव्हेरियात चौथीला जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. 2.33 पर्यंत गिम्नाझियम, 2.66 पर्यंत रेआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, त्याच्या पुढे मिटेलशुले, म्हणजे सगळ्यांत खालची. त्यांच्याकडे 1 सगळ्यांत चांगला, म्हणजे आकडा वाढला की मूल खाली. मला ही पद्धत पटत नाही. ज्या वयात घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाचं डोकं पुस्तकाच्या भाषेशी झटत असतं, नेमक्या त्याच वयात त्याच्या पुढच्या शाळेचा निकाल लावायचा, हे मी तरी माझ्या वर्गात होऊ दिलं नसतं. त्यांच्याच देशात बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते. ती दोन वर्षं किती मोलाची असतात ते मी सांगू शकते. 2001 च्या डिसेंबरात पिसा या वेगवेगळ्या देशांतल्या शाळकरी मुलांच्या चाचणीचा पहिला निकाल लागला तेव्हा जर्मनीला केवढा धक्का बसला होता! मुलांचे गुण इतर देशांच्या सरासरीखाली तर होतेच, शिवाय आईबापांची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचं नातं तिथं फार घट्ट निघालं होतं. म्हणजे दोष त्यांनाही दिसलेला आहे.

पण तू घाबरलायस त्यात अर्धी भीती आपल्या इथली आहे, असं मला वाटतं. इथं एकदा गाडी चुकली की चुकली. आयटीआयला गेला म्हणजे दहावीत मार्क पडले नाहीत, असं लोक त्या मुलासमोर बोलतात. तिथं तसं नाही. रेआलशुलेतून दहावी करून मूल फाखओबरशुलेला, म्हणजे व्यवसायाकडे झुकलेल्या वरच्या शाळेला, जाऊ शकतं, बारावीला एक दाखला मिळतो, तेरावी केली तर आबिटुअर, म्हणजे विद्यापीठात जायची परीक्षासुद्धा. शिकाऊ उमेदवार आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, आणि त्याला महिन्याला पगार मिळतो. पुढे माइस्टर, म्हणजे त्या धंद्यातला परीक्षा दिलेला उस्ताद, झाला तर 2009 पासून विद्यापीठाचा दरवाजाही त्याला उघडा आहे. आणि सरासरी थोडक्यात हुकली तर तीन दिवसांची चाचणी देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. त्यात जर्मन आणि गणित दोन्हींत 4 मिळाला तरी शेवटचा शब्द आईबापांचा. हे तू मला फोनवर सांगितलंच नाहीस. सूनबाईने सांगितलं.

आणि सोनूने पोलिसांसमोर सायकलची परीक्षा दिली, हात दाखवून डावीकडे वळला, त्याला त्याचा दाखला मिळाला, तो व्हिडिओ मी सगळ्या गल्लीला दाखवलाय. चौथीतल्या मुलाला शाळा रस्त्यावर चालायला शिकवते, एकट्याने घरी येऊ देते. आपल्या शाळांनी हे कधी मनावर घेतलं नाही, आणि मला ते फार हवं होतं.

राहिलं सोलापूर. तू म्हणालास, इथं दहाव्या वर्षी मुलं निवडत नाहीत. बाळा, इथं तिसऱ्या वर्षीच निवडतात, फीच्या पावतीवर. ज्याला परवडतं त्याचं मूल नर्सरीपासून इंग्रजी शाळेत, विडी कामगाराचं महापालिकेच्या. शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला, खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरिबांच्या मुलांना ठेवल्या. 2024 मध्ये सरकारने जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं म्हणून बरं. आठवीपर्यंत नापास करायचं नाही हा नियम मला मनापासून आवडायचा, पण वर्गात पन्नास मुलं आणि शिक्षकाच्या मागे जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात कच्चं राहिलेलं मूल तसंच पुढे सरकायचं. ‘असर’ या खेड्यांतल्या शिक्षणाच्या पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं तेच सांगतात, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. आता राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली आहे. सोनू आला तर थेट पाचवीत बसेल, म्हणजे ती परीक्षा, पुढे हवी तर शिष्यवृत्तीची परीक्षा, मग आठवी, मग दहावी, मग क्लासवाल्यांच्या जाहिराती. तुझ्या त्या एका मे महिन्याऐवजी पाच-सात मार्च होतील. आणि देवनागरी वाचताना अडखळतो म्हणून इथली मुलं त्याला हसतील, ते वेगळंच.

माझ्या मनात काय आहे तेही लिहिते. तो इथं असावा असं मला रोज वाटतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला त्याचा हात धरून न्यावं, नंदीध्वज दाखवावेत, शेंगाचटणीला तिखट म्हणतो की नाही बघावं. तुझे बाबाही तेच म्हणतात. पण आजीला हवा म्हणून मुलाची शाळा बदलायची नसते, आणि तुझ्या भीतीपायी तर नाहीच. सुट्टीत आण, महिनाभर ठेव.

जानेवारीत त्याच्या गुणांची तात्पुरती यादी मिळेल, तेव्हा बाईंची वेळ घेऊन भेट. सरासरीबद्दल वाद घालू नकोस. त्यांना पेपरची दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखव आणि विचार, हे उदाहरण त्याला तोंडी वाचून सांगितलं तर येतं का? चांगल्या बाई असतील तर त्यांनी हे आधीच करून पाहिलं असेल. रेआलशुलेचं नाव निघालं तर ती शाळा सोनूला घेऊन एकदा बघून ये, आणि त्याच्यासमोर तोंड पाडू नकोस. सूनबाईलाही सांग, त्याच्या देखत हा विषय जेवताना काढायचा नाही.

आणि दर रविवारी तुमच्या सकाळी दहाला, म्हणजे आमच्या दुपारी अडीचला, तो मला फोन लावेल. त्याने पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण जर्मनमध्ये मोठ्याने वाचायचं आणि मला मराठीत समजावून सांगायचं. मला जर्मन येत नाही, त्यामुळे त्याला सगळं नीट सांगावंच लागेल. मी प्रश्न विचारीन, चित्र काढायला लावीन, मग त्याने सोडवायचं. अर्धा तास पुरे, त्याहून जास्त नको, तो कंटाळेल. पहिल्या रविवारी कुठलं उदाहरण घ्यायचं ते मला कळावं म्हणून त्याच्या पुस्तकाच्या चालू धड्याचे फोटो शनिवारपर्यंत पाठव. पानं सरळ धरून काढ, मागच्या वेळी खालच्या दोन ओळी कापल्या गेल्या होत्या.

सूनबाईला आशीर्वाद, सोनूला गोड पापा.

तुझी
आई