माननीय शिक्षणमंत्री, प्रत्येक ओळ पिवळी करून आणलेल्या त्या मुलीबद्दल

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी गणिताचा मास्तर. शाळेची शेवटची दोन वर्षं शिकवतो, म्हणजे मुलं आमच्या हातातून सुटून थेट कॉलेजला नाहीतर कामाला जातात ती वर्षं. तुमच्या भाषणात 'फ्युचर रेडी विद्यार्थी' हा शब्द बऱ्याचदा येतो, म्हटलं रेडी म्हणजे काय यावर आमच्या बाजूनेही दोन गोष्टी तुमच्या कानावर घालाव्यात. पत्र जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडून भरघोस मार्क घेऊन गेलेली एक मुलगी कॉलेजच्या पहिल्याच सत्रात परत भेटायला आली, हातात चाळीस पानांचा एक चॅप्टर, आणि त्यातली प्रत्येक ओळ, अक्षरशः प्रत्येक, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली सर सगळंच महत्त्वाचं वाटतंय. मला आधी हसू आलं आणि मग एकदम लक्षात आलं की दोन वर्षांत या मुलीने महत्त्वाचं काय हे एकदाही स्वतः ठरवलेलं नव्हतं, कारण ते मी ठरवत होतो. नोट्स माझ्या, इम्पॉर्टंट प्रश्न माझे, 'हे सोडून द्या, येत नाही' हेही माझंच. पोरांचा लाडका सर होतो मी त्या काळात, कारण माझ्या वर्गात कोणाला डोकं खाजवायला लागायचं नाही. तिने कॉलेज सोडलं नाही, पण ते पहिलं वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिला माहीत.

त्याच सुमारास अभ्यासात मागे म्हणून आम्ही जवळपास सोडूनच दिलेला एक मुलगा वायरिंगच्या कामाला लागला होता, तो रस्त्यात भेटला. तिसऱ्याच दिवशी त्याने एका खोलीचं सगळं वायरिंग उलटं केलं आणि ते पुन्हा उपसावं लागलं, का तर ड्रॉइंगमधली एक खूण कळली नव्हती आणि मुकादमाला विचारायची लाज वाटली. शाळेत विचारलं की पोरं हसायची ना सर, म्हणाला.

आता बघा, एक कॉलेजात अडकली, एक कामावर अडकला, आणि दुखणं मात्र एकच. आपण स्वतः वाचून ठरवायचं, नाही कळलं तर विचारायचं, चुकलं तर कुठे चुकलं ते मागे जाऊन शोधायचं, हे दोघांनाही कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून 'हे कॉलेजवाले आणि ते कामधंद्यावाले' असे मुलांचे दोन ढीग करून दोन वेगळ्या योजना काढायच्या हे मला मुळातच पटत नाही. तयारी एकच असते, पुढे विषय वेगळे होतात एवढंच.

तेव्हापासून मी वर्गात काय करतो ते सांगतो, फार भारी काही नाही. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत वह्या-पुस्तकं बंद, मागच्या आठवड्यातलं जे आठवतं ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मार्क नाहीत. हे मी शोधलेलं नाही हो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रयोग छापला होता, एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. पण आठवड्याने चित्र उलटं, वाचणारे 42 वर आणि आठवून लिहिणारे 56 वर. म्हणजे आपल्या पोरांना रट्टा मारताना जे 'झालं माझं सगळं' वाटतं ना, ते पाच मिनिटांचं खरं असतं. परीक्षा लगेच दुसऱ्या दिवशी असली तर तेवढ्यावर निभावतंही, म्हणून तर कोणाला त्यात काही चूक दिसत नाही.

दुसरं म्हणजे महिन्यातून एकदा चुकलेलं गणित. उत्तर काय हे कोणी सांगायचंच नाही, चूक कुठल्या पायरीला सुरू झाली तेवढंच शोधायचं. आणि तिसरं, ज्याला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, ते म्हणजे फोन. काम करणाऱ्या एका अनोळखी माणसाशी वेळ ठरवून वीस मिनिटं बोलायचं, त्याचा दिवस कसा जातो, कंटाळा कशाचा येतो, शिकताना काय राहून गेलं असं वाटतं, हे विचारायचं. इन्स्टावर दिवसभर बोलणारी पोरं फोन लावायच्या आधी घाम पुसतात, खोटं नाही सांगत. एकाने वेळ मागायला मेसेज लिहिला त्यात पहिली ओळच होती, आय अॅम सफरिंग फ्रॉम करिअर. तसं बघायला गेलं तर बरोबरच लिहिलं होतं त्याने.

करिअर गायडन्सच्या नावाखाली आमच्याकडे वर्षातून एक सेमिनार आणि एक अॅप्टिट्यूड टेस्ट होते, टेस्टचा कागद घरी जातो आणि आईवडील तो पत्रिकेसारखा बघतात. 1908 मध्ये बोस्टनला फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने तरुणांना काम निवडायला मदत करणारं केंद्र काढलं होतं, त्याचं म्हणणं तीन गोष्टींचं होतं, स्वतःला ओळखा, कामाला ओळखा, मग दोन्हींचा मेळ नीट विचार करून घाला. शंभरावर वर्षं झाली, आपण पहिल्या गोष्टीचा एक कागद छापतो, दुसरीवर पीपीटी दाखवतो आणि तिसरी नातेवाईकांवर सोडतो.

आणि पंधरा-सोळाव्या वर्षी निवडलेली वाट जन्माची का असावी? स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण झालं की साधारण दोनतृतीयांश मुलं कामधंद्याच्या प्रशिक्षणाला जातात, आठवड्यातले बरेचसे दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत, पण तिथून पुढे वेगळी परीक्षा देऊन उच्च शिक्षणाला जायचा रस्ता ठेवलेला आहे. तिथल्यासारख्या कंपन्या, तिथला पगार, ते सगळं उचलून कुठेही लावता येणार नाही हे मलाही कळतं. परतीचा दरवाजा मात्र कुठेही ठेवता येतो, त्याला नियम लागतो आणि तो नियम तुमच्या सहीने होतो.

हे सगळं करताना मला काय झालं तेही सांगतो. पहिल्या सहामाहीला वर्गाचा रिझल्ट खाली आला. मुख्याध्यापकांनी बोलावलं, पालकांनी सिलॅबस कुठवर आला विचारलं, एकजण म्हणाले आमच्या मुलाला फोन करायला नाही पाठवला शाळेत. चूक त्यांची नाही. शाळेला एकाच फूटपट्टीने मोजलं जातं, शेवटच्या परीक्षेचा रिझल्ट, मग कुठला मास्तर दहा मिनिटं 'वाया' घालवेल? मी हट्टी आहे म्हणून टिकलो, माझ्या शेजारच्या वर्गातली मॅडम नवीन आहे, तिला हा हट्ट परवडत नाही.

म्हणून नवीन विषय देऊ नका, प्लीज. नवीन पोर्टल तर अजिबात नको, आधीचीच भरताना तास जातात. नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आल्यापासून घरून आलेला निबंध कोणी लिहिला हेच कळेना झालंय, त्यावर अजून एक 'स्किल प्रोजेक्ट' आला तर तोही तिथूनच येईल. द्यायचंच असेल तर आठवड्यातला एक तास द्या ज्याचा हिशेब सिलॅबसमध्ये मागितला जाणार नाही. आणि शाळा सोडून दोन वर्षं झालेल्या मुलांना विचारा की तुम्ही कुठे आहात, कुठे अडलात, आणि ते आम्हाला कळवा, शाळांची रँकिंग लावायला नाही, नुसतं कळवा. मला आजपर्यंत जे कळलं ते एक मुलगी भेटायला आली आणि एक मुलगा रस्त्यात दिसला म्हणून. बाकीच्यांचं काय झालं?

तुमच्या ऑफिसकडून उत्तर आलं तर ते मी वर्गात वाचायला देणार आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं काय ते पोरांनाच शोधायला सांगणार आहे. हायलायटर न देता.

आपला,
शेवटच्या दोन वर्षांचा एक गणिताचा मास्तर