पकड खरी हवी

महोदय,

स्वसंरक्षणासाठी कराटे बरं, ज्युदो बरं की बॉक्सिंग, असं पालक मला हमखास विचारतात. मी कलेचं नाव सांगत नाही. वर्गात जाऊन एवढंच बघा म्हणतो : सरावात समोरचा जोडीदार खरोखर विरोध करतो का?

मनगट सोडवण्याचा डाव बहुतेक वर्गांत शिकवतात. पकडीत अंगठ्याची बाजू कमजोर, म्हणून त्या बाजूने हात फिरवून झटक्यात काढायचा. डाव बरोबरच आहे. पण जोडीदार मनगट धरून नुसता उभा राहतो आणि हात सुटला की शहाण्यासारखा मागे सरकतो. माझ्या एका विद्यार्थिनीला हा डाव अगदी घोटून पाठ होता. एकदा मी तिच्या जोडीदाराला म्हटलं, ‘सोडू नकोस, ओढत ने.’ त्याने धरताक्षणी खेचलं, दुसऱ्या हाताने खांदा दाबला. तिचा तोल गेला, श्वास अडकला, डाव सुचलाच नाही. चूक तिची नव्हती, माझ्या शिकवण्याची होती. पुढे महिनाभर असाच सराव केल्यावर ती खेचलं की आधी पाय रोवू लागली, मग उलट त्याच्याच दिशेने पाऊल टाकून कोपर पुढे घालू लागली. आता ती सुटते.

जपानचे जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले. त्यामुळेच उरलेले डाव रोज, पूर्ण जोर लावून, झटापट करणाऱ्या माणसावर करता आले. डोळ्यांत बोटं खुपसण्याचा डाव कितीही जहाल वाटो, तो कुणावर करून बघायची सोयच नाही.

शिवाय भीतीने हात थरथरतात, नजर एकाच जागी खिळते. तेव्हा सात पायऱ्यांचा डाव आठवत नाही. घोटलेल्या दोन-तीन साध्या हालचाली तेवढ्या होतात. आणि समोर चाकू असेल तर पाकीट देऊन पळावं. हे मी कराटे-ज्युदोचे पट्टे मिळवलेल्या मुलांनाही बजावतो.

एका दिवसाची शिबिरं घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निदान शेवटचा अर्धा तास हेल्मेट-पॅड घालून एकाला खरा विरोध करू द्या, मुलींना ओरडून, ढकलून दारापर्यंत पळू द्या. प्रमाणपत्रं त्यानंतर वाटा.

– एक प्रशिक्षक