मातीची गढी आणि फादर हेरास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की जुन्या नाशकातल्या गढीचा कडा ढासळल्याची बातमी येते. घरांची काळजी आधी, हे खरेच. पण गोदाकाठच्या याच मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले होते, हे त्या बातमीत कधी येत नाही. आणि सांकलियांचे गुरू तर कोणालाच आठवत नाहीत.

ते म्हणजे फादर हेन्री हेरास (१८८८–१९५५), बार्सिलोनाचे जेझुइट (कॅथलिक पंथातील एका संघाचे) धर्मगुरू. १९२२ मध्ये भारतात आले, १९२६ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था काढली. सांकलियांनी नालंदा विद्यापीठावरचा एम. ए.चा प्रबंध त्यांच्याच हाताखाली लिहिला.

हेरास यांचे नाव निघते ते सिंधू लिपी, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवरची अजून न उलगडलेली लिपी, वाचल्याच्या दाव्यामुळे, बहुधा चेष्टेने. ते पूर्ण न्याय्य नाही. त्यांची रीत अशी: चिन्ह माशाचे, द्राविडी भाषांत माशाला ‘मीन’ म्हणतात (आपली मीन रास त्याच शब्दाची, असे मानतात), आणि ‘मीन’ म्हणजे ताराही. तेव्हा सात रेघा आणि मासा म्हणजे ‘एळुमीन’, सात तारे, अर्थात सप्तर्षी. हडप्पाच्या एका मोठ्या मुद्रेवर एवढाच मजकूर आहे. मासा-तारा ही जोडी पुढे सिंधू लिपीचे फिनलंडचे अभ्यासक आस्को पारपोला यांनीही उचलून धरली.

फसले ते पुढे. भाषा कोणती हे आधीच ठरवून हेरास यांनी शेकडो मुद्रांची सलग वाक्ये लावली. मजकूर सरासरी पाच चिन्हांचा, शेजारी ओळखीच्या लिपीतला तर्जुमा नाही. मग वाचन चुकले तरी ते पकडणार कशाने?

शिष्याची वाट वेगळी: खापरे, आणि ती कोणत्या थरातली याची नोंद. तिथेही चकवा असतोच. नंतर खणलेला एखादा खड्डा ओळखू आला नाही, तर वरचे खापर खालच्या थरात जाऊन बसते आणि काळ काही शतकांनी चुकतो. गढीचा ढासळलेला ढिगारा म्हणूनच पुराव्याच्या दृष्टीने जवळपास निकामी. शाबूत आहे तेवढ्याच कड्यात थर वाचता येतात.

दुरुस्तीसाठी तिथे यंत्रे लावण्यापूर्वी त्या उभ्या छेदाची मोजमापासह छायाचित्रे आणि आरेखन करून घ्यावे, आणि पायथ्याशी उत्खननाच्या वर्षाचा साधा फलक लावावा, एवढी विनंती.

— इतिहासाचे काही अभ्यासक, नाशिक