नुसता वारा नव्हे

खानापूर, जि. बेळगाव
कार्तिक वद्य

चि. सुमेधला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. हंस तारकासमूहातल्या हंस एक्स-१ या तारा-कृष्णविवराच्या जोडीच्या अभ्यासात कृष्णविवर मैत्रिणीच्या वाट्याला गेलं आणि तुला 'नुसता वारा', म्हणजे ताऱ्यातून सतत उडणारा वायू, मिळाला म्हणालास. ते मला पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अरे, हंस एक्स-१ मधलं विवर स्वतः कुठं उजळतं? १९६४ साली रॉकेटवरच्या उपकरणांना ते सापडलं, ते शेजारच्या निळ्या महाराक्षसी ताऱ्याच्या जिवावर. विवर सुमारे २१ सूर्यांच्या वजनाचं, तारा त्याहून जड, आणि दोघं ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. हा तारा दरवर्षी सूर्याच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतका वायू वाऱ्यातून उधळतो. आपल्या सूर्याच्या वाऱ्यापेक्षा काही कोटी पट! त्यातला थोडासाच विवराच्या हाती लागतो, भोवती गरगरत लाखो अंश तापतो, आणि आपल्याला क्ष-किरण दिसतात. वारा थांबला तर तुझ्या मैत्रिणीला मोजायला काय उरेल?

वृश्चिक एक्स-१ या दुसऱ्या क्ष-किरण जोडीत लहान ताऱ्याचा वायू थेट जोडीदारावर सांडतो. हंस एक्स-१ मध्ये तारा स्वतःचा वायू धरून ठेवू शकेल त्या हद्दीपर्यंत जवळजवळ काठोकाठ भरलेला आहे, पण सांडत नाही, म्हणून विवराच्या दिशेचा वारा जास्त दाट.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. हा वारा ढकलतो कोण? ताऱ्याचाच अतिनील प्रकाश. कार्बन, नायट्रोजन, लोहाचे आयन, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि पुढं रेटले जातात. पण विवराजवळचे क्ष-किरण त्यांचे उरलेले इलेक्ट्रॉनही उडवतात. मग प्रकाशाला धरायला काही उरत नाही, वारा मंदावतो. आणि मंद वायू सहज पकडला जातो: विवराच्या तुलनेतला वेग निम्मा झाला की पकडीची त्रिज्या, म्हणजे जिथपर्यंतचा वायू विवर ओढू शकतं ते अंतर, चौपट! सुगीत भात उफणताना बघतोस ना, वारं जोरात असलं की भूस लांब जातं, वारं पडलं की पायाशीच. म्हणजे विवराच्या भोवतीचा उजेडच त्याच्या पुढच्या घासाचं माप बदलतो. हे तुझ्या वाट्याला आलंय, बाळा.

आता एक सांगणं. विवर ताऱ्याच्या मागं जातं तेव्हा क्ष-किरण दाट वाऱ्यातून येतात आणि त्यांच्या तेजाच्या आलेखात मध्येच खड्डे पडतात, सौम्य (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांत जास्त खोल. वारा एकसारखा नाही, गुठळ्यागुठळ्यांचा आहे, त्याच्याच त्या खुणा. सरासरी काढायच्या घाईत ते खड्डे बुजवू नकोस. २०१५ साली सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेचा डेटा तुमच्या हाताशी आहे, त्यातून प्रत्येक खड्डा वेगळा काढून बघ. एखादा किती मिनिटं टिकला यावरून गुठळीच्या आकाराचा अंदाज येईल.

शाळेला सुट्टी लागली की मी बेंगळुरूला येते. तेव्हा एक आलेख कागदावर छापून ठेव, मला शेजारी बसवून समजाव. चुलत्यांनी नवा तांदूळ दिलाय, तो घेऊन येईन. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई