एसी पंपवाल्यास

गिरगाव, मंगळवार

प्रिय बाळ्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, तेव्हा शिव्या आधी घालून घे. तब्येत बरी. साखर आहे तेवढीच आहे.

काल फियाटचा कंडेन्सर आणायला कुर्ल्याला गेलो. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "एसीचा का काका?" म्हटलं, नाही रे, डेल्कोतला, अंगठ्याएवढा, पॉइंटशेजारी बसतो तो. "डेल्को म्हणजे?" प्लगांना ठिणगी वाटणारी डबी माहीत नाही याला! ज्या कुर्ल्यात गाडी बनली, त्या कुर्ल्यात! पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर गल्लीबोळात माल मिळायचा. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी गेली आणि दुकानदारांनी फळ्या रिकाम्या केल्या.

हसू नकोस. कसाऱ्याच्या घाटात एसी पंपावर, इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या त्या पंपावर, ओलं फडकं टाकून तूच बसला होतास, आणि मी कंडेन्सर, कंडेन्सर म्हणून ओरडत होतो. गाडी गार झाल्यावर सुरू झाली, श्रेय तू लाटलंस. आता पुन्हा तेच. तापली की बंद, अर्ध्या तासाने सुरू, आणि पॉइंट उघडून बघावा तर काळाठिक्कर. पॉइंटवरची ठिणगी आवरायची कंडेन्सरने. तोच मेला तर पॉइंट जळणार नाही तर काय? पंपाचा संबंध नाही, लिहून ठेव.

आणि आपला तो नावांचा वाद: डेल्को इटालियन नाही, अमेरिकेतल्या डेटनच्या एका कंपनीची आद्याक्षरं आहेत. स्टेपनीवर मात्र तू जिंकलास. वेल्समधल्या रस्त्याचंच नाव निघालं. वडापाव देणं लागतो.

आपले मेकॅनिक चाचा असते तर हे पत्र लिहिलंच नसतं. बिल्डिंग पाडायला निघालीय, गाडी ठेवू कुठे? शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारा एक जण रविवारी येतोय. पैसे बरे देतो. पण म्हणाला, इंजिन काढून दुसरं टाकू, हँडलचा गिअरही खाली घेऊ. म्हणजे भाऊंच्या गाडीचा नुसता पत्राच उरणार. जावई म्हणतो, देऊन टाका. मी रोज रात्री खाली जाऊन चोक ओढून बसतो, सुरू करत नाही. हे कोणाला सांगू?

सुमीचं ठरलं म्हणे, आनंद झाला. वहिनींचा गुडघा?

माझा फिलर गेज १९९४पासून तुझ्याकडे आहे. इथे पॉइंटची गॅप लग्नपत्रिकेच्या तुकड्याने लावतोय. तो पाठव, आणि तुझ्या त्या पत्र्याच्या डब्यात एखादा कंडेन्सर पडला असेल तर बघ. रविवारच्या आत.

तुझा,
नाना